नोट्स ॲपच्या प्लगिनमध्ये शोधाची सोय: ॲपचाच शोध वापरावा की स्वतःचा लिहावा?

पानझड
ऑब्सिडियन या नोट्स ॲपसाठी मी एक छोटं प्लगिन, म्हणजे ॲपला जोडायचा पूरक प्रोग्राम, लिहिलं आहे. वाचताना आवडलेले उतारे आपण निरनिराळ्या नोट्समध्ये टिपून ठेवतो, ते सगळे हे प्लगिन गोळा करून बाजूच्या पॅनेलमध्ये एकाखाली एक दाखवतं. सुरुवातीला ते माझ्यापुरतंच होतं. दोनेकशे उतारे होते, खालीवर सरकवून भागायचं. आता माझेच चार हजारांच्या वर गेलेत आणि वापरणाऱ्या मंडळींची एकच मागणी आहे: शोधायची सोय द्या.

मला तीन वाटा दिसतात. पहिली म्हणजे पॅनेलमध्ये फक्त एक बटण द्यायचं आणि टाइप केलेला शब्द ॲपच्या मूळ शोधाकडे पाठवायचा. त्यासाठी ऑब्सिडियनचा यूआरआय, म्हणजे ॲप थेट उघडणारा दुवा, आहे, काम दहा मिनिटांचं. पण मग निकालात अख्ख्या नोट्स येतात, उतारे येत नाहीत. दुसरी वाट साध्या गाळणीची: टाइप केलेली अक्षरं ज्या उताऱ्यात असतील तेवढेच उतारे दाखवायचे. तिसरी म्हणजे मिनीसर्चसारखी शोधाची तयार लायब्ररी घेऊन रीतसर इंडेक्स, म्हणजे कुठला शब्द कुठे आहे याची सूची, बांधायचा, क्रमवारी लावायची, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्यायच्या.

तुम्ही तुमच्या प्लगिनमध्ये काय केलंत? माझे नव्वद टक्के उतारे मराठी आहेत, त्यामुळे काही फरक पडतो का, तेही सांगा.

अर्धविराम
पहिली वाट. ॲपला शोध आहे, तो चांगला आहे, फाइल, टॅग, ओळ, विभाग अशा सगळ्या चाळण्या त्यात आहेत. प्रत्येक प्लगिनने आपापली शोधपेटी आणली तर वापरणाऱ्याने कुठे काय शोधायचं? माझ्या स्क्रीनवर आत्ता तीन भिंगं दिसतात आणि कुठलं भिंग कशात बघतं हे मला दर वेळी आठवावं लागतं.

काखेत_कळसा
माझं सदस्यनाम या धाग्यासाठीच घेतलं होतं असं आज वाटतंय. नोट माझ्याच संगणकात, मीच लिहिलेली, आणि ती शोधायला मी गावाला वळसा घालून जालावर तोच मजकूर धुंडाळतो. हे महिन्यातून दोनदा होतं.

जुना_खांब
दुसरी आणि तिसरी यांत निवडण्याआधी आकडा बघा. चार हजार उतारे, सरासरी पाचशे अक्षरं धरली तरी वीस लाख अक्षरं. एवढा मजकूर मेमरीत आधीच असेल तर साधं ‘इन्क्लूड्स’, म्हणजे मजकुरात एखादा तुकडा आहे का हे बघणारं फंक्शन, पापणी लवायच्या आत सगळं तपासून मोकळं होतं. वेळ शोधण्यात जात नाही, फाइली वाचण्यात जातो. म्हणून दर शब्दाला फाइली पुन्हा वाचत बसू नका. एकदा वाचून यादी मेमरीत ठेवा आणि नोट बदलली की तेवढ्याच नोटेचे उतारे बदला. फक्त दाखवायला वाचायचं असेल तर ‘कॅश्डरीड’ वापरा. ‘रीड’ हे वाचून त्यात बदल करून परत लिहायचं असेल तेव्हा.

आणखी एक, यात बरेच जण अडकतात: ॲप उघडताना ऑब्सिडियन आधीपासून असलेल्या प्रत्येक फाइलसाठी ‘क्रिएट’ची घटना उडवतं. तुमचा ऐकणारा कोड ‘ऑनलेआउटरेडी’च्या आत, म्हणजे ॲप पूर्ण उघडल्यावरच चालेल असा, ठेवला नाहीत तर सुरुवातीलाच हजारो वेळा यादी बांधली जाईल आणि लोक म्हणतील तुमच्या प्लगिनमुळे ॲप उघडायला वेळ लागतो.

बिनधास्त_बग
+१. आणि डिबाउन्स लावा. प्रत्येक कळ दाबल्यावर शोध नको, हात थांबल्यावर दीडशे-दोनशे मिलिसेकंदांनी. शोध असिंक्रोनस, म्हणजे पार्श्वभूमीला चालणारा, असेल तर प्रत्येक शोधाला क्रमांक द्या आणि उशिरा आलेला जुना निकाल टाकून द्या. नाहीतर पेटीत ‘पाऊस’ आणि खाली ‘पा’चे निकाल असं चित्र दिसतं.

रफार
पानझड, तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता विचारलंय तोच खरा प्रश्न आहे. इंडेक्स की गाळणी हे नंतर बघू. मराठी मजकुरात ‘तोच शब्द’ म्हणजे काय हे आधी ठरवावं लागतं, कारण डोळ्यांना एकच दिसणारा शब्द संगणकाला दोन-तीन निरनिराळे दिसू शकतात.

‘दुसऱ्या’ घ्या. त्यातला अर्धा ऱ युनिकोडमधल्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक क्रमांकयादीतल्या, यू+०९३१ या स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो. तोच साधा र आणि खाली नुक्ता देऊनही लिहिता येतो. आणि साधा र, हलन्त आणि मग शून्य रुंदीचा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे, असाही लिहिता येतो. ही शेवटची रीत युनिकोडने जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून मुद्दाम चालू ठेवली आहे. पहिल्या दोन रीती एनएफसी नॉर्मलायझेशन (समान रीती एका रूपात आणायची युनिकोडची पद्धत) केलं की एक होतात. तिसरी होत नाही. तुमच्या कीबोर्डने एक रीत लिहिली आणि जिथून उतारा चिकटवला तिथे दुसरी असली, की शोध म्हणणार: काही सापडलं नाही.

दुसरं उदाहरण या धाग्याच्या शीर्षकातच आहे. ‘ॲ’ हे यू+०९७२, २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आलं. त्याआधी लोक अ आणि त्यावर अर्धचंद्र असं दोन खुणांनी लिहीत, अजूनही कित्येक कीबोर्ड तसंच लिहितात. आणि कुणी ऍ लिहितं. या तिन्हींना युनिकोड समान मानत नाही, म्हणजे नॉर्मलायझेशननेही ते एकत्र येत नाहीत. ते तुम्हालाच हाताने एकत्र आणावे लागतात. नाहीतर ‘ॲप’ शोधणाऱ्याला ‘अॅप’ सापडणारच नाही.

वेलांटी
मी प्रोग्रामर नाही, नोट्स ठेवणारी साधी वापरकर्ती आहे. रफार यांचं वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी एका विषयावर मी चारेक आठवडे खपून टिपण केलं होतं. पुढे ते लागलं तेव्हा शोधलं, तर सापडलं नाही. मी स्वतःवरच शंका घेतली. वाटलं, आपण ते लिहायचं ठरवलं होतं, लिहिलं नसेल. मग सगळं पहिल्यापासून पुन्हा लिहिलं. काही महिन्यांनी वेगळंच काही चाळताना जुनं टिपण समोर आलं. शीर्षकात ‘दुसऱ्या’ होतं. दोन्हीकडे डोळ्यांना अगदी सारखं. आज कळलं की काय झालं असेल.

तेव्हा प्लगिन लिहिणाऱ्यांना हात जोडून सांगते, शोध मंद चालला तरी आम्ही थांबू. पण असलेली गोष्ट नाही म्हणू नका. शोध ‘नाही’ म्हणाला की माणूस पुन्हा बघत नाही.

पानझड
वेलांटी, हे वाचून मी लगेच माझ्या यादीत बघितलं. झेडडब्ल्यूजेवाला र असलेले उतारे दोनशे सतरा निघाले. सगळे बाहेरून चिकटवलेले. मला याचा पत्ताच नव्हता.

रफार, मग ही एकत्र आणायची पायरी नेमकी कुठे करायची? मूळ नोट बदलायची का?

रफार
नाही! मूळ नोटेला हात लावायचा नाही. ती वापरणाऱ्याची आहे. एक फंक्शन लिहा, त्याला ‘सपाट’ म्हणा. शोधायच्या मजकुराची एक सावली-प्रत या फंक्शनमधून काढून मेमरीत ठेवायची आणि पेटीत टाइप केलेला शब्दही त्याच फंक्शनमधून न्यायचा. दोन्हीकडे तेच फंक्शन, हा नियम मोडला की गेलंच. दाखवायचा मात्र नेहमी मूळ मजकूर.

माझ्या ‘सपाट’मध्ये या क्रमाने होतं: आधी एनएफसी. मग र-हलन्त-झेडडब्ल्यूजे असेल तिथे ऱ-हलन्त. मग उरलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (अक्षरं जोडू न देणारी तशीच अदृश्य खूण) काढून टाकायचे. ॲ, अॅ, ऍ यांचं एक रूप. ‘ऑ’चंही तसंच, कारण अ आणि ॉ असं वेगळं लिहिणारे आहेत. देवनागरी आकडे आणि रोमन आकडे एक. शेवटी ह्रस्व-दीर्घ एक करायचे, म्हणजे ी चा ि आणि ू चा ु, तसंच ई-इ आणि ऊ-उ.

अर्धविराम
ह्रस्व-दीर्घ एक करणं मला पटत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे वेगळे शब्द आहेत, ‘सुत’ आणि ‘सूत’ही. शुद्धलेखनाला शोधातच सुट्टी दिली तर मग उरलं काय?

रफार
शोध शुद्धलेखनाची परीक्षा घ्यायला बसलेला नाही. आणि इथे तर शुद्ध लिहिणाऱ्याचंच जास्त नुकसान होतं. ‘विहीर’ शुद्ध, आणि तिला प्रत्यय लागला की ‘विहिरीत’ शुद्ध. ‘फूल’ आणि ‘फुलाला’. ‘दूध’ आणि ‘दुधात’. मराठीत सामान्यरूप होताना उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, दीर्घ ई-ऊ बहुधा ह्रस्व होतो. म्हणजे निर्दोष मराठी लिहिणारा माणूस ‘विहीर’ शोधेल तेव्हा त्यानेच निर्दोष लिहिलेलं ‘विहिरीत’ त्याला मिळणार नाही. ह्रस्व-दीर्घ एक केलं की ‘विहिर’ हा ‘विहिरीत’चा सुरुवातीचा तुकडा होतो आणि उतारा सापडतो. ‘दिन’ शोधताना दोन ‘दीन’ जास्तीचे आले तर वाचणारा ते नजरेनेच बाजूला करतो. न आलेला उतारा कुणालाच दिसत नाही.

अर्धविराम
‘विहिरीत’चं उदाहरण बिनतोड आहे. हा मुद्दा मागे घेतो. पण अचूक जुळणारे वर यायला हवेत, ही अट.

रफार
मान्य. मूळ शब्द जसाच्या तसा असेल तो वर, मग शब्दाच्या सुरुवातीला जुळणारा, मग मधे कुठेतरी जुळणारा.

जुना_खांब
ज्यांचं प्लगिन एसक्यूलाइट या डेटाबेसवर आहे त्यांच्यासाठी याच विषयातली एक खोच. त्यातल्या एफटीएस५ या शोधाच्या सोयीचा नेहमीचा टोकनायझर (मजकूर शब्दांत तोडणारा भाग) म्हणजे युनिकोड६१ फक्त अक्षरं, आकडे आणि खासगी वापराच्या खुणा शब्दाचा भाग धरतो. बाकी सगळं त्याच्या लेखी विभाजक. आणि आपले काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे युनिकोडच्या वर्गवारीत अक्षर नाहीत, ‘मार्क’ आहेत. त्यामुळे ‘माती’ या शब्दाचे ‘म’ आणि ‘त’ असे दोन तुकडे होतात. ‘मोती’चेही तेच. ‘मिती’चेही तेच.

काखेत_कळसा
म्हणजे माती शोधली तर मोती मिळतात! तक्रार कसली करताय?

जुना_खांब
😄 मोती शोधल्यावर मातीही मिळते, हे विसरू नका.

उपाय सोपा आहे. टेबल बनवताना टोकनायझरला ‘कॅटेगरीज’चा पर्याय द्यायचा आणि त्यात अक्षर-आकड्यांच्या जोडीला एमएन आणि एमसी हे मार्कचे दोन वर्ग घालायचे. मग शब्द अखंड राहतात. कुणी तीन-तीन खुणांचे तुकडे करणारा ट्रायग्रॅम टोकनायझर सुचवेल. तो ३.३४ आवृत्तीपासून आहे आणि शब्दाच्या मधले तुकडेही शोधतो. पण त्याला किमान तीन खुणा लागतात. ‘नदी’ चालेल, कारण न, द आणि ी मिळून तीन होतात. ‘घर’ चालणार नाही.

सांजसावली
जॉपलिन या नोट्स ॲपचं प्लगिन लिहिणाऱ्यांनो, तिथली शोधाची डेटा एपीआय (प्रोग्रामने ॲपकडे माहिती मागायची सोय) पानापानाने निकाल देते, एका पानावर जास्तीत जास्त शंभर. ‘हॅज_मोअर’ खरं असेतोवर पुढचं पान मागत राहावं लागतं. मी पहिलंच पान घेऊन खूश होते. माझ्या चाचणीच्या वहीत ऐंशीच नोट्स होत्या ना! वेलांटी म्हणतात तीच चूक: असलेली नोट नाही म्हणून सांगितली.

खुणेचं_पान
फझी, म्हणजे अंदाजे जुळवणाऱ्या, शोधाबद्दल कुणी बोललं नाही अजून. ऑब्सिडियनच्या एपीआयमध्ये ‘प्रिपेअरफझीसर्च’ आयतं मिळतं, ‘फझीसजेस्टमोडल’ तर पूर्ण खिडकीच देतं. पानझड यांनी तेच वापरून मोकळं व्हावं असं मला वाटतं. टायपिंगची चूक झाली तरी चालतं.

बिनधास्त_बग
फाइलींची नावं, आज्ञा, टॅग अशा छोट्या मजकुरावर ते उत्तम आहे. पाचशे अक्षरांच्या उताऱ्यावर नाही. तिथला फझी म्हणजे अक्षरं त्याच क्रमाने सापडली की झालं, मधे काही का असेना. लांब परिच्छेदात कुठल्याही चार खुणा क्रमाने सापडतातच. त्याच एपीआयमध्ये ‘प्रिपेअरसिंपलसर्च’ आहे, ते शब्द धरून शोधतं. मोठ्या मजकुराला ते बरं.

चुका सांभाळायच्याच असतील तर मिनीसर्चचा फझी वेगळा आहे, तो शब्दांमधलं अंतर मोजतो. त्यालाही मराठीत आवर घाला. ०.२ दिलं तर शब्दाच्या लांबीचा पाचवा भाग, जवळच्या पूर्णांकात, एवढ्या चुका चालतात. ‘मान’ मध्ये तीन खुणा, त्याचा पाचवा भाग ०.६, म्हणजे एक चूक माफ. मग मन, मीन, मौन, पान, दान, सगळे हजर. पाच-सहा खुणांपेक्षा लहान शब्दाला फझी बंदच ठेवा.

मिनीसर्चची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. त्याचा टोकनायझर मोकळ्या जागा आणि विरामचिन्हांवरच तोडतो, त्यामुळे आपल्या मात्रा शाबूत राहतात. आणि ‘प्रोसेसटर्म’ हे फंक्शन इंडेक्स करताना आणि शोधताना आपोआप दोन्हीकडे लागतं. रफार यांचं ‘सपाट’ तिथे नेमकं बसतं. याउलट लुनर हे तसंच दुसरं साधन शब्दाच्या दोन्ही टोकांची ‘शब्दात न बसणारी’ अक्षरं छाटतं, आणि ते ठरवायला जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधला (नमुन्यावरून मजकूर जुळवणाऱ्या सूत्रातला) बॅकस्लॅश डब्ल्यू वापरतं. त्याला फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अधोरेषा एवढंच कळतं. भाषेची जोड न देता वापरलं तर अख्खा मराठी शब्दच छाटला जातो.

रफार
त्याचीच भावंडं: शब्दाची सीमा बघणारा बॅकस्लॅश बी मराठीत चालत नाही, आणि इंग्रजीतली उच्चारचिन्हं काढायला लोक ‘सगळे मार्क पुसा’ असा एकओळी कोड चिकटवतात तो तर घातक आहे. सगळे मार्क पुसले की का, की, कु, के सगळ्यांचा क होतो. फक्त एमएन वर्ग पुसला तर आणखी गंमत. काना आणि वेलांटी एमसी वर्गात असल्याने त्या राहतात, पण उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त जातात. ‘गुण’चा ‘गण’, ‘देव’चा ‘दव’. एका प्लगिनमध्ये हे मी स्वतः दोन दिवस शोधत होतो. इंग्रजी चाचण्या सगळ्या हिरव्या.

मजकूर शब्दांत तोडायचाच असेल तर पूर्ण युनिकोडचं रेजेक्स घ्या, ज्यात अक्षरं आणि मार्क दोन्ही मागता येतात. २०१८ पासून ते जावास्क्रिप्टच्या मानकात आहे. पण मागे बघणारं रेजेक्स, लुकबिहाइंड, टाळा. आयओएस १६.४ च्या आधीच्या फोनवर त्याने अख्खं प्लगिनच उघडत नाही.

नवीन_सभासद_४
आता सगळीकडे अर्थावरून शोध आहे ना? प्रत्येक उताऱ्याचा व्हेक्टर (त्याचा अर्थ दाखवणारी आकड्यांची यादी) काढायचा आणि जवळचे दाखवायचे. शब्द जुळवायचा खटाटोपच नको.

जुना_खांब
‘एकटेपणाबद्दल काही लिहिलंय का’ अशा शोधाला ते छान आहे, मीही वापरतो. पण वापरणाऱ्याला अमुक शब्द असलेला उतारा हवा असतो तेव्हा ‘जवळपासचं’ काही चालत नाही. शिवाय मॉडेल कुठे चालवणार? फोनवर ते जड पडतं, आणि बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायचं म्हणजे लोकांच्या खासगी नोट्स बाहेर गेल्या.

जुन्या पद्धतीला कमी लेखू नका. जो शब्द थोड्याच नोट्समध्ये येतो त्याला जास्त वजन द्यायचं, ही संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांची १९७२ सालची कल्पना. पुढे त्यावरच निकालांची क्रमवारी लावणारं बीएम२५ हे सूत्र उभं राहिलं आणि आज एफटीएस५ मध्ये ते अंगभूत आहे. ‘आणि’ला किंमत नाही, ‘विहिरी’ला आहे. पन्नास वर्षांनंतरही त्यात खोट निघालेली नाही.

खुणेचं_पान
खासगीपणावरून आठवलं. इंडेक्स डिस्कवर साठवणार असाल तर कुलूप लावलेल्या नोट्सचे शब्द त्यात उघडे पडत नाहीत ना ते बघा. नोट कुलपात आणि तिचे सगळे शब्द शेजारच्या फाइलीत, असं व्हायला नको. आणि प्लगिनच्या ‘डेटा डॉट जेसन’मध्ये तर इंडेक्स ठेवूच नका. ती सेटिंगची फाइल आहे, लोक ती सगळ्या उपकरणांवर सिंक करतात.

वेलांटी
सापडलेला शब्द पिवळा करून दाखवता ना, तिथे एक विनंती. काही ठिकाणी ‘क’ शोधलं की ‘की’ मधला क पिवळा होतो आणि वेलांटी तुटून एका ठिपक्यांच्या गोलावर लटकते. वाचवत नाही ते. माझ्या नावाचा प्रश्न आहे!

रफार
वेलांटी, अगदी बरोबर. रंगवायच्या तुकड्याची दोन्ही टोकं पूर्ण अक्षराच्या सीमेपर्यंत सरकवायची. पुढची खूण मार्क असेल तर तीही आत घ्यायची, हलन्त असेल तर पुढचं व्यंजनही. जावास्क्रिप्टच्या ‘इंटल’मधला ‘सेगमेंटर’ ही सीमा शोधून देतो.

आणि जागांचा हिशोब ठेवा. ‘सपाट’मध्ये झेडडब्ल्यूजे काढला की पुढची सगळी स्थानं एकाने सरकतात, मग रंग भलत्याच अक्षरांवर पडतो. सावली-प्रत बनवतानाच प्रत्येक खुणेचं मूळ स्थान एका यादीत लिहून ठेवायचं. शिवाय ‘इनरएचटीएमएल’ने, म्हणजे उतारा थेट एचटीएमएल म्हणून घालून, रंगवू नका. लोकांच्या उताऱ्यात कंस आणि टॅग असतात. घटक तयार करून त्यात मजकूर घाला.

बिनधास्त_बग
शोधपेटीतल्या मजकुरातून थेट रेजेक्स बनवत असाल तर विशेष चिन्हं निष्प्रभ करा. कुणी नुसता एक उघडा कंस टाइप केला की पॅनेल पांढरं पडतं.

अर्धविराम
धागा फार लांब गेला. पानझड यांनी तीन वाटा विचारल्या होत्या. कुठली घेतलीत?

पानझड
सांगते. उशीर झाला, पण तेवढ्यात लिहून झालं.

दुसरी वाट घेतली, साधी गाळणी. लायब्ररी घेतलीच नाही. जुना_खांब म्हणाले तसं मोजून पाहिलं, चार हजार उताऱ्यांत थांबल्याचं जाणवतही नाही. सगळी मेहनत ‘सपाट’वर गेली. रफार यांच्या क्रमाने केलं आणि एक भर घातली: शोधशब्दाच्या शेवटी मात्रा असेल आणि ती काढूनही किमान दोन व्यंजनं उरत असतील, तर मात्रेशिवायचा तुकडाही शोधायचा. ‘पाणी’चा ‘पाण’, म्हणजे ‘पाण्यात’ सापडतं. ‘शाळा’चा ‘शाळ’, म्हणजे ‘शाळेत’. ‘रस्ता’चा ‘रस्त’, म्हणजे ‘रस्त्यावर’. हे निकाल सगळ्यात खाली येतात, अर्धविराम यांची अट पाळली आहे. त्यांच्यासाठीच पॅनेलच्या तळाला ‘हाच शब्द सगळ्या नोट्समध्ये शोधा’ असं बटणही दिलं, ते ॲपचा शोध उघडतं.

आणि काही मिळालं नाही तर आता नुसतं ‘सापडलं नाही’ येत नाही. ‘४,१०६ उताऱ्यांत शोधलं, एकातही नाही’ असं येतं. यादी अजून बांधून होत असेल तर तेही सांगितलं जातं, म्हणजे अर्धवट शोधाला कुणी पूर्ण समजणार नाही. वेलांटी, हे तुमच्यामुळे.

वेलांटी
आत्ताच नवी आवृत्ती घेतली. ‘दुसऱ्या’ टाकलं, चौदा उतारे आले. त्यातले नऊ मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. पानझड, रफार, दोघांनाही मनापासून धन्यवाद.

सांजसावली
सुंदर झालंय. पण ‘पाऊस’ शोधून बघा. ‘पावसात’ येत नाही.

पानझड
अरे हो. ‘माणूस’ही नाही, ‘माणसाला’ सुटतं. ‘कापूस’ आणि ‘कापसाचा’ तसंच.

रफार
‘लाकूड’, ‘लाकडाचा’. इथे मधला उकारच गळतो, त्यामुळे सुरुवातीचा तुकडा जुळवून भागत नाही. आणि ‘पाऊस’मध्ये तर ऊचा व होतो. नियम करायला गेलात तर नको ते शब्द ओढले जातील. यांची यादीच करावी लागेल, पण ती फार मोठी नसावी. रोजच्या वापरातले शब्द धरले तर एका बैठकीत होईल.

अर्धविराम
यादी मी करतो. शेवटून दुसऱ्या अक्षरात दीर्घ ऊ असलेले शब्द घेतो, समोर त्यांचं सामान्यरूप. ‘भाऊ’-‘भावा’ असे थोडे वेगळे आहेत, ते निराळे ठेवतो. पानझड, कुठल्या स्वरूपात हवी? एका ओळीत दोन रूपं, मधे स्वल्पविराम, चालेल?

पानझड
चालेल. धावेल!